पहिला नंबर माझा आला

आधीच माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे, ओळ सरळ राहत नाही आणि ऱ्हस्व-दीर्घ मला शाळेत असतानाही कळलं नव्हतं. जोडाक्षर आलं की मी थांबते, दोन-तीनदा खोडते. मुलीच्या जुन्या वहीची मागची पानं आहेत ही. मी ती कुणाला वाचायला देणार नाही. तरी चुकून कुणाच्या हाती लागली तर अक्षराला हसावं, माझी हरकत नाही.

मी चौथी शिकले. आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीला ओढ्यापलीकडच्या गावात जावं लागायचं आणि मुलींना तिकडे पाठवत नसत. त्यात माझी काही चूक नाही, हे मला आज कळतं. कामाला लागले तेव्हा कळत नव्हतं. एजन्सीच्या ऑफिसात फॉर्म भरणाऱ्या माणसाने विचारलं, "शिक्षण काय? आठवी लिहू? आठवीच्या खाली घेत नाहीत." मी मान हलवली. त्याने लिहिलं. बोलायचं म्हटलं की मी अडखळते, मान मात्र पटकन हलते.

अंधेरी पूर्वेला एक काचेची मोठी बिल्डिंग आहे, तिथे मी हाउसकीपिंगला आहे. सहावा आणि सातवा मजला माझा. टेबलं पुसायची, कचऱ्याच्या पिशव्या बदलायच्या, बाथरूम तासातासाने बघायचं आणि दरवाजामागच्या कागदावर सही करायची. वर काम करणारी मुलं-मुली आम्हाला सगळ्यांना मावशी म्हणतात. मी सहा वर्षं मावशी होते आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

मग एचआरच्या मॅडमनी ते गटाचं सुरू केलं. वरच्या लोकांमध्ये ते आधीपासून होतं. तिथे पाच-सहा जण खोलीत बसून एकमेकांच्या नोकरीबद्दल बोलायचे, कुणी पुढे कसं जायचं ते ठरवायचे. मॅडम म्हणाल्या, तुम्हीही करा. पाच-पाच जणींचा गट, दर बुधवारी एक तास, कामाच्या वेळातच. एकमेकींनी एकमेकींना पुढे न्यायचं.

आमच्या गटात एक ताई होती, मानखुर्दहून यायची. तिच्याकडे खालची लॉबी होती. दहावीला गणितात राहिली होती, पण मराठी, हिंदी झरझर वाचायची आणि इंग्रजी अक्षरं जुळवत जुळवत का होईना वाचायची. एक काकी होती मालवणकडची, कांदिवलीला राहायची. तिचे सासरे गिरणीत होते आणि ती ते प्रत्येकाला सांगायची. दोन पोरी होत्या, एक घाटकोपरची, एक दिंडोशीची, दोघी सारख्या हसायच्या. आणि पाचवी मी.

तळघरात पंपाच्या खोलीशेजारी आमची बसायची जागा होती, सफाईच्या औषधांचे कॅन ठेवायची खोली. मॅडमनी भिंतीवर एक मोठा कागद लावला. त्यावर जिना काढला होता. प्रत्येकीने आपलं पुढचं पाऊल सांगायचं. त्याआधी प्रत्येकीने शेजारणीबद्दल एक चांगली गोष्ट सांगायची.

"काकीच्या डब्यातलं सुकट झकास असतं," घाटकोपरची म्हणाली.

"कामाबद्दल सांगायचं गं," मॅडम म्हणाल्या.

"तेच तर. ती आणते म्हणून आम्ही काम करतो."

माझ्याबद्दल ताईने सांगितलं. ती म्हणाली, "ही बोलत नाही, पण हिच्या मजल्याची कधी तक्रार नाही. हिला कुणी बघितलेलंच नाही, म्हणून ही मागे राहिलीय." मी खाली बघत राहिले. माझ्याबद्दल असं कुणी चार माणसांत बोललं नव्हतं.

पुढचं पाऊल सगळ्यांचं एकच निघालं, सुपरवायझर. त्यासाठी घाटकोपरला सहा आठवड्यांचा कोर्स होता, रोज दुपारी अडीच ते पाच. अर्धी फी कंपनी भरणार, अर्धी आपली. कंपनी पंचेचाळीस वर्षांपर्यंतच पाठवत होती आणि एका वेळी गटातून एकच. ती अर्धी फी आमच्यापैकी कुणाला एकटीने झेपण्यासारखी नव्हती. काकीनेच तोड काढली.

"भिशी लावया," ती म्हणाली. "चौघींनी भरूचे, एकीन जावचा. ती सायबीण झाली की वाढलेल्या पगारातसून आमचे परत करीत. मग दुसरी."

मॅडमना ते इतकं आवडलं की त्यांनी आमचा फोटो काढला. जी जाईल तिचे मजले बाकीच्या चौघी वाटून करतील, हेही ठरलं. आणि जी शिकून येईल तिने दर बुधवारी आम्हाला शिकवायचं, म्हणजे एकीच्या फीमध्ये पाचजणी तयार होतील. ही कल्पना ताईची.

नंबर चिठ्ठ्या टाकून काढले. पहिली चिठ्ठी माझी निघाली, दुसरी ताईची.

ताई तेव्हा चव्वेचाळीस पुरी करून वर चालली होती. दिंडोशीची पोरगी म्हणालीसुद्धा, "ताईला आधी जाऊ द्या ना, तिचं वय निघून जाईल." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नुसती मान हलवली असती तर झालं असतं. जन्मभर जी मान नको तिथे हलली, ती तेव्हा हलली नाही. मला पहिला नंबर कधीच मिळाला नव्हता, आणि तो मला दोन मिनिटं तरी हातात धरून ठेवायचा होता. मी गप्प राहिले. ताई म्हणाली, "चिठ्ठी ती चिठ्ठी. हिचं झालं की लगेच मी आहेच. अजून चार-सहा महिने आहेत मला."

माझं शिक्षण चौथी आहे, हे मी त्या खोलीत सांगितलं नाही. फॉर्मवर आठवी होतं.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. मेट्रोने घाटकोपरला जायचं, पाच मिनिटं चालायचं. वर्गात जास्त करून तरुण मुलं होती, हॉटेलात नाहीतर मॉलमध्ये काम करणारी. सर हिंदीत शिकवायचे, मध्ये मध्ये इंग्रजी. लाल फडकं संडासाला, निळं टेबल-खुर्च्यांना, हिरवं खाण्याच्या जागेला, पिवळं बेसिनला. मॉप आठाच्या आकारात फिरवायचा आणि मागे मागे यायचं. हे मला कळायचं. हे तर माझ्या हातातलंच होतं. पहिल्या बुधवारी मी गटाला ते सांगितलं, बादलीत मॉप बुडवून दाखवला. ताईने सगळं वहीत उतरवून घेतलं. काकी म्हणाली, "बघ गो, मास्तरीण शोभता." घरी मुलगी रोज विचारायची, आई आज काय शिकवलं, आणि मी सांगायचे.

दुसऱ्या आठवड्यात लिहायचं सुरू झालं. कोण कुठल्या मजल्यावर त्याचा तक्ता, तक्रारीचा फॉर्म, सामानाची यादी, सगळं इंग्रजीत. सरांनी एक कॅन टेबलावर ठेवला आणि एकेकाला त्यावरची चिठ्ठी वाचायला लावली. माझी पाळी आली. मी म्हणाले, चष्मा विसरले. मला चष्मा नाहीच. दुसऱ्या दिवशी सरांनी लक्षात ठेवून विचारलं, "चश्मा लाए?" मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, आंटी को बड़ा-बड़ा लिख के दो." सर त्याच्यावर रागावले. चांगला माणूस होता. वर्ग सुटल्यावर मी त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी काही वाट काढली असती, असं आता वाटतं.

तिसऱ्या दिवशी मी फाटकापर्यंत गेले आणि परत फिरले. त्याच्यापुढे वर्गात गेलेच नाही.

लवकर परत जाता येत नव्हतं, कारण माझ्या मजल्यांवर चौघी राबत होत्या. घरीही जाता येत नव्हतं. मी तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात केसपेपरच्या हॉलमध्ये जाऊन बसायचे. तिथे कुणी कुणाला विचारत नाही, सगळे कसली तरी वाट बघत असतात. पंखा होता, पाणी होतं. पाच वाजले की उठायचे. चार आठवडे मी अशी बसले. चार आठवडे माझी बाथरूमं दुसऱ्या बायकांनी घासली. काकीचे गुडघे दुखायचे, तरी सातवा मजला तिने घेतला होता, कारण पोरींना जास्त पडू नये. मी बाकड्यावर बसून हे सगळं आठवायचे आणि तरी उठायचे नाही.

बुधवार मात्र यायचा. शिकवायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. मग मी दवाखान्यातल्या सफाईवाल्या बायका काय करतात ते बघायला लागले आणि तेच गटाला सांगायला लागले. जिना वरून खाली झाडायचा. काच आधी ओल्या आणि मग कोरड्या कागदाने पुसायची. निम्मं तर आम्हा सगळ्यांना ठाऊकच होतं. काकी म्हणायचीसुद्धा, "ह्येच्यासाठी पैशे घेतत?" पण ताई लिहून घ्यायची.

एका बुधवारी खोलीत नवीन कॅन आले होते. पांढरा कॅन, पिवळं झाकण. चिठ्ठी इंग्रजी, बारीक.

"हे कशाचं गं?" ताईने विचारलं. "क्लासमध्ये दाखवलं का? मी वाचून बघितलं, पण नुसती औषधांची नावं आहेत."

तसाच पिवळ्या झाकणाचा कॅन मी दवाखान्यात बघितला होता. एक बाई त्यातलं औषध बादलीत टाकून लादी घासायची आणि लादीवरचे काळे डाग निघून जायचे. मी म्हणाले, "लादीचं आहे. बादलीला दोन झाकणं. घासून पाच मिनिटं ठेवायचं."

"लॉबीला चालेल?"

मी मान हलवली.

ताईने लिहून घेतलं.

त्या शुक्रवारी बाहेरून मोठे साहेब येणार होते आणि लॉबी चकचकीत पाहिजे होती. लॉबीची फरशी संगमरवराची. ताई सकाळी सातला आली, बादलीला दोन झाकणं टाकली, दारापासून लिफ्टपर्यंत घासली आणि पाच मिनिटं ठेवली. पाण्याने धुतल्यावर फरशीवर पांढरट ओघळ उठले, दही सांडून वाळल्यासारखे. हात फिरवला तर खरखरीत लागायचं. ती घासत गेली तसे ते जास्तच दिसायला लागले. संगमरवराला आम्ल लावलं की तो खाल्ला जातो, हे नंतर मला कळलं. संडासाच्या फरशीला ते चालतं, कारण ती वेगळी असते.

आम्हाला सगळ्यांना खाली बोलावलं. एजन्सीचे साहेब होते, बिल्डिंगचा मॅनेजर होता. ताई भिंतीला लागून उभी होती, हात अजून ओले.

"मावशी, हे कुणी सांगितलं तुम्हाला?" मॅनेजरने विचारलं.

मी तिच्यापासून चार पावलांवर होते. माझ्या हातात निळं फडकं होतं. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

"कुणी नाही साहेब. माझ्याच मनाने केलं."

"मनाने? एवढी वर्षं काम करता तुम्ही आणि मनाने?"

"चुकलं साहेब."

मी तेव्हा एक शब्द बोलायला पाहिजे होता. 'मी' एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं. मी बोलताना अडखळते, हे खरं आहे, पण नुसतं तेवढं नव्हतं. मी सांगितलं असतं तर क्लासचं विचारलं असतं, क्लासचं विचारलं असतं तर सगळंच निघालं असतं. हे सगळं मी तिथे उभी राहून, फडकं पिळत, नीट विचार करून ठरवलं. भित्रेपणाने झालं असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. ते खरं नाही. मला विचार करायला वेळ मिळाला होता.

संगमरवर पुन्हा पॉलिश करायचा खर्च ताईच्या पगारातून थोडा थोडा कापायचं ठरलं. कोर्सला जायच्या यादीतून तिचं नाव काढलं. मॅडमना वाईट वाटलं, पण त्या म्हणाल्या, माझ्या हातात नाही.

त्या दिवशी दुपारी मी तिच्याजवळ गेले. म्हणाले, "ताई, तू माझं नाव का नाही घेतलंस?"

ती डबा खात होती. म्हणाली, "वेडी का? तुझं नाव घेतलं असतं तर तुझा क्लास बंद. मग चौघींचे पैसे बुडाले, सगळ्यांचीच वाट लागली असती. तू ऐकण्यात चुकली असशील, नाहीतर मी लिहिण्यात. तू पास हो आधी. तू सुपरवायझर झालीस की माझं नाव परत घालायला सांग. तुझं ऐकतील." आणि तिने डब्यातली अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली.

मी ती खाल्ली. त्यानंतर मेट्रो पकडून घाटकोपरला गेले आणि पाच वाजेपर्यंत हॉलमध्ये बसले.

अजून दोन आठवडे बाकी होते. रोज ठरवायचे आज सांगायचं, आणि ताई दिसली की आडव्या वाटेने जायचे. ती वाट बघत होती, तिचे महिने चालले होते. तिने एकदा विचारलं, "परीक्षा कधी गं?" मी तारीखसुद्धा सांगितली.

कोर्स संपला त्या बुधवारी पोरींनी पेढे आणले. कागदावरच्या जिन्यात माझ्या नावाची टिकली एक पायरी वर लावायला मॅडम येणार होत्या.

"दाखव गो सर्टिफिकेट," काकी म्हणाली. "हात पुसून घेतलंय मी."

मी पिशवीत हात घातला, जणू काही आत होतं. मग हात तसाच ठेवून म्हणाले, "मी क्लासला गेले नाही."

"आज?"

"आठच दिवस गेले. मग नाही गेले. मला वाचता येत नाही एवढं. मी चौथी आहे."

घाटकोपरच्या पोरीच्या हातात पेढा तसाच राहिला. काकी सगळ्यात आधी बोलली.

"चवथी शिकलंस तां सांगूक काय झाला? मी तर शाळेची पायरीच बघूक नाय, माझ्याय फॉर्मार आठवीच लिवलेली आसा. कोणी खाल्ल्यान माका? सातव्या माळ्यार मी गुडघे मोडून घेतलंय आणि तू खय होतंस?"

"दवाखान्यात बसायचे. घाटकोपरला."

"आजारी होतंस?"

"नाही."

ताई तिची वही मांडीवर घेऊन बसली होती. तिने वहीचं एक पान उघडलं आणि विचारलं, "मग ते लादीचं तुला कुणी सांगितलं?"

"दवाखान्यात बघितलं."

"कसल्या लादीवर टाकत होते?"

"संडासाच्या."

"संडासाच्या लादीचं लॉबीला," ती म्हणाली. अगदी हळू, स्वतःशीच हिशेब लावल्यासारखी. दिंडोशीच्या पोरीला हसू फुटलं आणि तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. तिचं काही चुकलं नाही, तिला भीतीनेही हसूच येतं. ताई उठली, वही पिशवीत घातली आणि कामावर निघून गेली. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मला बरं वाटावं असं तिने काही का करावं?

मॅडमना मी स्वतः जाऊन सांगितलं. लॉबीचंही सांगितलं. ते सांगायला मी अडखळत अडखळत बराच वेळ घेतला, त्या दोनदा घड्याळाकडे बघत होत्या. कंपनीने आपली अर्धी फी माझ्या पगारातून कापली, ते बरोबरच झालं. ताईच्या पगारातून कापायचं राहिलेलं माझ्यावर घातलं. पण जे आधीच कापलं होतं ते परत देता येणार नाही म्हणाले. ताईचं नाव यादीत परत घालायला मॅडमनी अर्ज पाठवला. त्याचं उत्तर यायला वेळ लागला, आणि उत्तर आलं तेव्हा ताईला पंचेचाळीस पुरी होऊन तीन आठवडे झाले होते.

तीन आठवडे. मी हॉलमध्ये बसले होते त्यापेक्षाही कमी.

तिने ती नोकरी सोडली. चेंबूरला एका डायलिसिस सेंटरमध्ये लागली, तेच काम, फडकं आणि बादली. गट पुढे चालला नाही. मॅडमनी कागद काढून नेला, भिंतीवर चिकटपट्टीचे चार कोपरे राहिले.

पैसे परत करायचे, हे मात्र माझं मी ठरवलं. कुणी मागितले नव्हते. नवऱ्याला सगळं सांगितलं. दोन दिवसांनी तो म्हणाला, "रविवारी आमच्या सोसायटीत जिने धुवायला बाई पाहिजे, विचारू का?" तो तिथे वॉचमन आहे. मी दर रविवारी चार विंगचे जिने धुतले, वरून खाली. मुलीलाही सांगितलं. तिने कधी परत विचारलं नाही की आई आज काय झालं कामावर. ती विचारत नाही, हे मला लागतं.

काकी आणि पोरी डोळ्यांसमोर होत्या म्हणून त्यांचे आधी दिले. पोरींनी घेताना "राहू दे ना मावशी" केलं, पण घेतले. मला त्या आधी नावाने हाक मारायच्या. काकीने पदराला बांधले आणि म्हणाली, "आता गप बसूची नाय, समजलंस? तोंड दिल्यान हा ना देवान?" तेव्हापासून ती मला डब्यातलं पुन्हा देते, पण माझ्या शेजारी बसत नाही. पोरींच्या पलीकडे बसते.

ताईचे सगळ्यात जास्त होते, फीचा तिचा भाग आणि लॉबीचे कापलेले. म्हणून तिचे शेवटी राहिले. हेही मी चुकीचंच केलं. जिचं जास्त गेलं तिचं आधी द्यायला हवं होतं, पण तिच्यासमोर जायचं मी पुढे ढकलत होते.

महिन्याच्या पहिल्या रविवारी जिने झाले की मी चेंबूरला जायचे. तिची दुपारची ड्यूटी असायची. मागच्या फाटकाशी उभी राहायचे, वॉचमन तिला आत जाऊन सांगायचा. पहिल्या वेळी तिने पाकीट घेतलं, न बघता खिशात घातलं आणि आत गेली. दुसऱ्या वेळीही तसंच. मी तोंडात वाक्यं तयार करून न्यायचे, 'ताई मला माफ कर' वगैरे, आणि ताई आत गेली की ती वाक्यं माझ्याजवळच राहायची. चौथ्या की पाचव्या वेळी तिने विचारलं, "कुठून आणतेस?" मी जिन्यांचं सांगितलं. ती म्हणाली, "पायऱ्या दगडाच्या की लादीच्या?" मला वाटलं टोमणा मारतेय. तसं नव्हतं. "दगडाच्या असतील तर नुसत्या पाण्याने धू," ती म्हणाली. "काही टाकू नको त्यात." मी मान हलवणार होते, पण म्हणाले, "हो ताई. नुसतं पाणी."

एकदा ती वॉचमनच्या खुर्चीवर दोन मिनिटं बसली. तिच्याबरोबर एक नवी मुलगी होती, बावीस-तेवीसची, त्याच सेंटरमधली. ती आत गेली आणि तिथूनच तिने ताईला हाक मारली, "ताई, सुपरवायझर मॅडम बोलावतायत." ती मॅडम बाहेर येऊन डोकावली, ताईपेक्षा वीस वर्षांनी तरी लहान होती. "किती वेळ हो मावशी?" म्हणाली. ताई लगेच उठली. "आले मॅडम," म्हणाली. मी फाटकाच्या गजांकडे बघत होते. ताईचा 'मॅडम' म्हणतानाचा तसला आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. ती आमच्यात होती तेव्हा कुणाच्याही हाकेवर अशी उठत नसे.

काल शेवटचे नेले. नोटा पाकिटात न घालता तशाच घेऊन गेले, का ते सांगता येत नाही. ती बाहेर आली. मी म्हणाले, "ताई, हे शेवटचे."

इतक्या महिन्यांत तिने कधी मोजले नव्हते. काल मोजले. अंगठ्याला थुंकी लावून, एकेक नोट, माझ्यासमोर. तिच्या बोटांची कातडी औषधांनी सोललेली होती, नोटा चिकटत होत्या, म्हणून वेळ लागला. मी उभी राहिले.

"बरोबर आहेत," ती म्हणाली.

"ताई, तुझा नंबर..."

"तो विषय काढू नको." ती रागावली नव्हती. "पैशाचं होतं ते झालं. त्याचं काय करणार आहेस तू?"

मी मोठ्याने म्हणाले, तिला ऐकू जाईल असं. "काही करू शकत नाही मी, ताई."

"हां," ती म्हणाली. तिने नोटा दुमडून युनिफॉर्मच्या आतल्या खिशात ठेवल्या, वरून हात फिरवून बघितला आणि ड्यूटीवर गेली. तिचे सगळे पैसे फिटले.